नव्या संशोधनाची बातमी कशी वाचावी

फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस मुंबईतील टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधकांच्या एका कामाची बातमी देशभर झळकली. द्राक्षांत आढळणारे रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य आणि तांबे यांच्या मिश्रणाची गोळी कर्करोगाला उलटू देणार नाही, उपचारांचे दुष्परिणाम निम्म्यावर आणील आणि तिची किंमत अवघी १०० रुपये असेल, असा मथळ्यांचा सूर होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरता फिरता तिच्यात ‘ध’चा ‘मा’ होऊन ‘कर्करोगावर शंभर रुपयांत इलाज’ असा निरोप उरला. ज्या कामावर ही बातमी आधारलेली होती ते काम बनावट नव्हते. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे, कण निरोगी पेशींवर काय परिणाम करतात, हा त्या गटाच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे. मात्र पुराव्याचा मोठा भाग उंदरांवरील प्रयोगांचा होता, माणसांवरचे अभ्यास लहान आणि प्राथमिक स्वरूपाचे होते, आणि गोळी घेणाऱ्या व न घेणाऱ्या रुग्णांची काही वर्षे तुलना करून कर्करोग उलटण्याचे प्रमाण मोजणाऱ्या मोठ्या चाचणीचा निकाल हाती आलेला नव्हता. किंमत मात्र आधीच जाहीर झाली होती. बाजारात तुरी, अशातला तो प्रकार.

अशा बातमीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे सोपे आहे आणि ‘हे रोजचेच’ म्हणून ती झटकून टाकणे त्याहून सोपे आहे. दोन्हींत वाचकाचे नुकसान होते, कारण खरोखर आयुष्य बदलणारे शोधही त्याच पानावर, त्याच टाइपात छापलेले असतात. वैज्ञानिक पार्श्वभूमी नसलेल्या, पण मराठी किंवा इंग्रजी वृत्तपत्र नीट वाचणाऱ्या माणसाला दोहोंतला फरक करता यावा, यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्यातला मुख्य मुद्दा असा, की प्रत्येक शाखेतील संशोधन आपल्या ठरलेल्या जागी घसरते. म्हणून सर्व बातम्यांना एकच चाळणी लावण्यापेक्षा शाखा ओळखून तिचा पहिला प्रश्न विचारावा. वैद्यकात ‘कितीपैकी किती?’, जीवशास्त्रात ‘कोणत्या जीवात आणि कोणत्या पायरीवर?’, मानसशास्त्रात ‘दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिले का?’ आणि मटेरियल सायन्समध्ये, म्हणजे नवे पदार्थ घडवण्याच्या शास्त्रात, ‘केवढा तुकडा, किती दिवस टिकला?’ हे ते प्रश्न होत.

आधी मूळ निबंध गाठावा

बातमीत नियतकालिकाचे, संस्थेचे किंवा प्रमुख संशोधकाचे नाव असते. ते नाव आणि विषयाचे दोन शब्द गूगल स्कॉलरवर किंवा वैद्यकीय विषय असल्यास पबमेडवर टाकले, तर मूळ शोधनिबंधाचा गोषवारा बहुधा मिळतोच आणि तो वाचण्यास पैसे पडत नाहीत. पूर्ण निबंध अनेकदा सशुल्क असतो. तथापि १ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना आणि केंद्रीय संशोधन संस्थांना खुली झाली आहेत, त्यामुळे अशा संस्थेत शिकणारे घरातील मूल किंवा शेजारची विद्यार्थिनी निबंध उतरवून देऊ शकते. बातमीत नियतकालिकाचा उल्लेखच नसेल, केवळ ‘शास्त्रज्ञांच्या मते’ एवढेच असेल, तर तिथेच थांबण्यास हरकत नाही.

निबंध सापडला की तो छापील आहे की प्रीप्रिंट, हे पाहावे. अर्काइव्ह, बायोअर्काइव्ह किंवा मेडअर्काइव्ह या संग्रहांवर ठेवलेला निबंध अन्य तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेला नसतो. परीक्षण झाले म्हणजे निष्कर्ष खरा ठरला असेही नाही. परीक्षकांपुढे सहसा मूळ नोंदी नसतात, लेखकांनी मांडलेली आकडेवारी असते. मे २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला, कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरील मोठा निबंध मूळ माहितीची शहानिशा होऊ न शकल्यामुळे दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. म्हणून पबमेडवर निबंध उघडला की त्यावर मागे घेतल्याची सूचना तर नाही ना, हे आधी बघावे. ती सूचना ठळकपणे वरच असते.

गोषवारा वरून खाली वाचण्याची सवय मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची पहिली दोन वाक्ये विषयाचे महत्त्व सांगतात आणि शेवटचे वाक्य लेखकांची आशा सांगते. वाचकाच्या उपयोगाचा ऐवज मधल्या दोन भागांत, म्हणजे पद्धती आणि निकाल यांत असतो. आधी पद्धती वाचून कोणावर, किती जणांवर, कशाशी तुलना करून आणि किती काळ काम झाले हे कागदावर लिहावे, मग निकालातील आकडे उतरवावेत, आणि शेवटी निष्कर्षाचे वाक्य त्या आकड्यांना धरून आहे की पुढे धावले आहे हे ताडून पाहावे.

वैद्यक: कितीपैकी किती?

वैद्यकीय बातमीतील टक्केवारी बहुधा सापेक्ष असते, म्हणजे दोन गटांतील धोक्यांचे गुणोत्तर सांगते. मूळ धोका किती होता ते सांगत नाही. सेमाग्लुटाइड या औषधाची ‘सिलेक्ट’ ही चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. हृदयविकार किंवा पक्षाघाताचा पूर्वेतिहास असलेल्या, वजन जास्त असलेल्या पण मधुमेह नसलेल्या ४५ वर्षांवरील १७,६०४ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला आठवड्यातून एकदा औषधाचे आणि दुसऱ्याला औषधविरहित इंजेक्शन दिले गेले. नोव्हेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालाचा मथळा ‘हृदयविकाराचा धोका २० टक्क्यांनी कमी’ असा होता. आकडे असे होते: हृदयविकाराने मृत्यू, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण औषधाविना ८ टक्के आणि औषधासह ६.५ टक्के. म्हणजे शंभरांमागे फरक दीड व्यक्तीचा. १००ला १.५ने भागले की सुमारे ६७ येतात. सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात एका व्यक्तीचे असे संकट टळावे म्हणून सुमारे ६७ जणांवर उपचार करावे लागले. हा फरक क्षुल्लक नाही. आधीपासून उत्तम उपचार चालू असलेल्या रुग्णांत एवढी भर पडणे डॉक्टरांना मोलाचे वाटते. पण त्याच चाचणीत दुष्परिणामांमुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ८.२ टक्के, आणि लग्नाच्या हंगामापूर्वी दहा किलो उतरवण्यासाठी हे इंजेक्शन मागणाऱ्या तिशीतील निरोगी माणसाबद्दल या चाचणीने काहीच सांगितलेले नाही.

हीच मूळ आकड्यांची कसोटी अल्झायमरवरील लेकानेमॅब या औषधाला लावून पाहावी. १,७९५ रुग्णांवरील चाचणीत १८ महिन्यांनंतर आजाराची वाढ २७ टक्क्यांनी मंदावली, असे सांगितले गेले. मोजपट्टी ० ते १८ गुणांची होती. औषध घेणाऱ्यांची घसरण १.२१ गुणांची आणि न घेणाऱ्यांची १.६६ गुणांची झाली. फरक ०.४५ गुणाचा. १८ गुणांच्या पट्टीवर अर्ध्याहून कमी गुणाचा हा फरक आजीला नातवाचे नाव आठवण्याइतका आहे की नाही, यावर मज्जाविकारतज्ज्ञांतच दुमत आहे, आणि औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज दिसली होती.

याउलट काही निकाल इतके ठसठशीत असतात की टक्केवारीची गरजच भासत नाही. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर या एचआयव्ही-प्रतिबंधक इंजेक्शनच्या चाचणीत, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील २,१३४ तरुणी व मुलींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजची गोळी दिलेल्या तुलनेच्या गटात १,०६८पैकी १६ जणींना झाला. २०२४मधील हा निकाल वाचून हुरळून जायला हरकत नव्हती.

आता एका मुंबईकर निबंधाचा गोषवारा जवळून पाहू, कारण प्रामाणिक निकाल कसा दिसतो हे त्यातून कळते. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन एक चाचणी सुरू केली. वस्त्यांचे २० समूह पाडून त्यांतील १० समूहांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली आणि उरलेल्या १० समूहांत सुरुवातीला कर्करोगाची माहिती देऊन पुढे केवळ नियमित देखरेख ठेवली. वीस वर्षांनंतरचा निकाल २०२१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तपासणीच्या गटात स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी होते, परंतु गुणोत्तराची विश्वासमर्यादा ०.७१ ते १.०१ अशी होती. मर्यादेच्या या दोन टोकांमध्ये १ हा आकडा सापडला, तर ‘काहीच फरक नाही’ ही शक्यता शिल्लक राहते; म्हणून लेखकांनी स्वतःच हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक नसल्याचे लिहिले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले आणि तिथली मर्यादा ०.५४ ते ०.९४, म्हणजे १च्या खाली राहिली. वृत्तपत्रांनी अर्थातच ३० टक्के उचलले. पण वयानुसारची ही विभागणी निकाल हाती आल्यावर केलेली होती, हेही निबंधात नमूद आहे, आणि अशा मागाहून केलेल्या विभागणीला नेहमी एक पायरी कमी वजन द्यावे लागते. तरीही मॅमोग्राफीची यंत्रे सर्वांपर्यंत न पोहोचलेल्या देशात, प्रशिक्षित सेविकांच्या हातांनी होणाऱ्या तपासणीचा वीस वर्षे माग काढणारे हे काम कोणत्याही चमकदार मथळ्याहून मला अधिक मोलाचे वाटते. त्यात आणखी एक आकडा आहे: रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण तपासणीच्या गटात ३७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के होते.

तुलनेचा गटच नसेल तर? पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगाशी लढवणाऱ्या) उपचाराचे निकाल २०२५मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले; ६४ रुग्णांपैकी ज्या ५१ जणांचे मूल्यमापन होऊ शकले त्यांच्यातील ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. इथे दुसरा गट नव्हता, कारण हे रक्ताच्या कर्करोगाचे असे रुग्ण होते ज्यांच्यावर आधीचे उपचार थकले होते. अशा स्थितीत आपोआप बरे होण्याची शक्यता जवळजवळ नसल्याने तुलनेचा गट नसणे खपून जाते. सर्दी, पाठदुखी किंवा निद्रानाशाच्या औषधाबाबत ते कदापि खपवून घेऊ नये. प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. परदेशातील दराच्या सुमारे एक दशांश खर्च ही या उपचाराची जमेची बाजू खरी असली, तरी तो खर्च लाखांतच आहे.

वैद्यकीय चाचणीबाबत आणखी एक सोय आपल्याकडे आहे, तिचा वापर फार कमी होतो. भारतातील प्रत्येक चाचणीची नोंद सुरू होण्यापूर्वी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावी लागते, २००७मध्ये सुरू झालेली ही नोंदणी १५ जून २००९पासून सक्तीची आहे आणि तिचे संकेतस्थळ कोणालाही विनामूल्य चाळता येते. औषधाचे किंवा रुग्णालयाचे नाव टाकले की किती रुग्ण घ्यायचे ठरले होते, मुख्य निकष कोणता होता आणि चाचणी कोणत्या केंद्रांवर चालू आहे हे दिसते. नोंदीत मुख्य निकष ‘मृत्यू’ असा असून निबंधात ‘रक्तातील अमुक घटक सुधारला’ अशी दवंडी असेल, तर मधल्या मधे निकषच बदलला गेला आहे असे समजावे.

जीवशास्त्र: कोणत्या जीवात आणि कोणत्या पायरीवर?

जीवशास्त्रीय शोध उंदरात, झेब्रा माशात, यीस्टमध्ये किंवा काचेच्या बशीतील पेशींत लागतो आणि बातमीत येईपर्यंत तो ‘माणसाचे वय वाढणार’ असा होतो. म्हणून गोषवाऱ्यात जीवाचे नाव शोधावे. ते पहिल्या तीन ओळींत नसले तरी पद्धतीत असतेच.

पायऱ्यांचे अंतर किती असू शकते याचा अंदाज एमआरएनए लसीच्या इतिहासावरून येतो. काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी एमआरएनएच्या रेणूत बदल करून त्यावरची प्रतिकारयंत्रणेची तीव्र प्रतिक्रिया कशी टाळता येते हे २००५मध्ये दाखवले, तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. त्यावर आधारित कोविडची लस २०२०च्या अखेरीस लोकांच्या दंडात गेली आणि नोबेल २०२३मध्ये मिळाले. जनुकसंपादनाची कथा थोडी वेगवान आहे. क्रिस्पर या तंत्राचा जनुके कापणाऱ्या कात्रीसारखा उपयोग २०१२मध्ये दाखवला गेला आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३मध्ये व अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकी मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनांचा झटका आला नव्हता. गडचिरोली किंवा नंदुरबारमधील सिकलसेलग्रस्त कुटुंबाला ही बातमी सांगताना मात्र दोन गोष्टी त्याच दमात सांगाव्यात: रुग्णाला आधी तीव्र केमोथेरपीतून जावे लागते आणि अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी आज उपलब्ध आहे, आणि ती बंद करून क्रिस्परची वाट पाहणे घातक ठरेल.

संगणकाने केलेले भाकीत आणि प्रयोगशाळेत केलेले मापन यांतही अंतर असते. अल्फाफोल्ड या प्रणालीने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले, आणि तिच्यामागील डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, प्रथिने नव्याने घडवणाऱ्या डेव्हिड बेकर यांच्यासह, २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या खुल्या संग्रहात एखादे प्रथिन उघडून पाहावे: ज्या भागाबद्दल प्रणालीला खात्री आहे तो गडद निळा, आणि जिथे ती अंधारात चाचपडते तो भाग नारिंगी दिसतो. स्वतःची शंका अशी रंगवून दाखवणारी साधने विरळच. रचना कळल्याने औषध तयार होत नाही. औषधाचा रेणू शोधणे, तो विषारी नाही हे पाहणे आणि चाचण्या पार पाडणे ही पुढली वर्षे कमी झालेली नाहीत.

संख्या लहान म्हणून अभ्यास टाकाऊ, असा नियम मात्र जीवशास्त्रात करू नये. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला, तो बोटावर मोजण्याइतक्या व्यक्तींवरून. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे, एवढेच दाखवायचे असेल तर एक खणखणीत उदाहरण पुरते. ती किती जणांत आहे किंवा तिने किती फायदा होतो, हे सांगायचे असेल तर हजारो माणसे लागतात.

मानसशास्त्र: पुन्हा कोणी करून पाहिले?

मुलांचा अभ्यास, मोबाइलचे व्यसन, सकाळी लवकर उठण्याचे फायदे, अशा विषयांवरील मानसशास्त्रीय बातम्या दहावी-बारावीच्या परीक्षांच्या सुमारास पालकांच्या गटांवर पिकांसारख्या उगवतात. या शाखेने स्वतःचीच झाडाझडती घेतली आहे, ही तिची मोठी गोष्ट. २०१५मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या जाळ्याने मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निर्णायक निकाल मिळाला होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला.

इच्छाशक्ती ही वापरली की संपते, ही कल्पना घ्या. १९९८च्या मूळ प्रयोगात समोर ताजी चॉकलेट बिस्किटे असताना ज्यांना मुळ्याच्या फोडी खाव्या लागल्या, त्यांनी नंतरचे कोडे लवकर सोडून दिले. त्यावर शेकडो निबंध झाले, मार्गदर्शनपर पुस्तके खपली. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी आधीच जाहीर केलेल्या एकाच पद्धतीने २,०००हून अधिक लोकांवर ही कल्पना तपासली, तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. समोर ठेवलेली मार्शमॅलो ही मिठाई लगेच खाण्याचा मोह आवरणारी मुले पुढे यशस्वी होतात, या लाडक्या निष्कर्षाचेही तसेच झाले. २०१८मध्ये ९००हून अधिक मुलांच्या माहितीवर तो तपासला असता संबंध मूळच्या सुमारे निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती व मुलाची लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर त्यातलेही दोन तृतीयांश विरून गेले. ज्या घरात उद्या खाऊ मिळेल याची खात्री असते त्या घरातील मूल आज थांबू शकते, हा अर्थ चाळीतल्या कोणत्याही आजीने सांगितला असता.

म्हणून मानसशास्त्रीय बातमी वाचताना सहभागी व्यक्ती कोण होत्या हे पाहावे. पाश्चात्त्य विद्यापीठांतील पदवीचे विद्यार्थीच असतील, तर डोंबिवलीहून दोन तास लोकलने कामावर जाणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष बसेलच असे नाही. त्यानंतर अभ्यासाची पद्धत आधी नोंदवलेली होती का आणि दुसऱ्या गटाने तो केला आहे का, हे शोधावे. गूगल स्कॉलरवर मूळ निबंधाखाली त्याचा उल्लेख करणाऱ्या निबंधांची यादी मिळते. तिच्यात ‘रेप्लिकेशन’ हा शब्द टाकून शोधले की काम भागते.

आपल्या मातीतले चांगले काम या शाखेतही आहे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या २०१७च्या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्यग्रस्त ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातील ३९ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. कितीपैकी किती, कशाशी तुलना, कोणत्या लोकांत, ही सगळी उत्तरे गोषवाऱ्यातच मिळतात.

मटेरियल सायन्स: केवढा तुकडा, किती दिवस?

येथे फसगत बहुधा आकाराची आणि काळाची होते. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाचा थर चढवलेल्या सौर सेलची कार्यक्षमता एप्रिल २०२५मध्ये चीनच्या लाँगी कंपनीने ३४.८५ टक्क्यांपर्यंत नेली. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९.४ टक्के असल्याने हा आकडा खरोखर मोठा आहे. पण असे विक्रम सहसा नखाएवढ्या सेलवर होतात. बाजारातील पॅनेलला २५ वर्षांची हमी असते, आणि पेरोव्हस्काइटचे हाडवैर ओलावा व उष्णता यांच्याशी आहे. जुलैत कपाटातल्या चामड्यालाही बुरशी धरणाऱ्या मुंबईत गच्चीवर बसवायच्या वस्तूबद्दल विचारायचा प्रश्न ठरलेला असावा: ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवण्याच्या प्रमाणित कसोटीत तिचे काय झाले? तेही जेमतेम ४२ दिवस होतात.

दुसरी कसोटी इतर प्रयोगशाळांची. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने एलके-९९ हा पदार्थ साध्या दाबाखाली १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक, म्हणजे विजेला कोणताही रोध न करणारा, असल्याचा दावा प्रीप्रिंटमधून केला, आणि अधांतरी तरंगणाऱ्या खड्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. कृती सोपी असल्याने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी ती करून पाहिली. तीन-चार आठवड्यांत उलगडा झाला: विद्युतरोध अचानक घटतो तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, आणि जर्मनीत बनवलेला शुद्ध स्फटिक तर चक्क विद्युतरोधक निघाला. दावा खोटा ठरला तरी ही घटना विज्ञानाची नाचक्की मानू नये. कृती उघड असल्यामुळेच निकाल महिन्याभरात लागला. ज्या दाव्यात कृती गुप्त ठेवली जाते आणि नमुना दुसऱ्याच्या हाती दिला जात नाही, तिथे अधिक सावध राहावे.

खरे काम किती संथ असते ते २०२५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने दाखवले. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सच्छिद्र जाळ्या घडवण्याबद्दल ते सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. रॉबसन यांचा पहिला निबंध १९८९चा आहे.

विचारायचे कोणाला

प्रश्न विषयाच्या कुतूहलाचा असेल तर मुंबईकराला अडचण नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) शास्त्रज्ञ ‘चाय अँड व्हाय?’ या उपक्रमात जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात रविवारी सामान्य श्रोत्यांशी बोलत आले आहेत, आणि १९६६पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात आहे. नेमका आकडा हातात घेऊन विचारल्यास अशा ठिकाणी फार आनंदाने उत्तर मिळते.

प्रश्न घरच्या रुग्णाचा असेल तर बातमीचे कात्रण डॉक्टरांपुढे सरकवून ‘हे औषध द्या ना’ म्हणण्यापेक्षा, गोषवाऱ्याची एक प्रत न्यावी आणि ‘आमचे वडील या चाचणीतल्या रुग्णांसारखे आहेत का, आणि सध्याच्या उपचाराहून यात शंभरांमागे किती जणांना फायदा झाला?’ असे विचारावे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात; नेमक्या प्रश्नाला त्या वेळात उत्तर मिळू शकते. चालू औषध या बातमीच्या भरवशावर बंद करू नये.

चाचणीत सहभागी व्हावे असे सुचवले गेले, तर आधी नोंदणीचा क्रमांक मागून तो संकेतस्थळावर पडताळावा. २०१९च्या नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, म्हणजे मराठी प्रत मागण्यात संकोच नको. सहभागातून केव्हाही बाहेर पडता येते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार व भरपाई यांची जबाबदारी चाचणी चालवणाऱ्यांवर असते. प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडूनच मागितले जात असतील, नोंदणी क्रमांक दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, किंवा मूळ पेशींच्या नावाखाली गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सर्व आजारांवर एकच इलाज सांगितला जात असेल, तर कागदावर सही न करता ती कागदपत्रे नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावीत.